भित्र्याचं वेल्डिंग

दादाच्या वर्कशॉपमध्ये गाडीचा आराखडा कागदावर काढत नाहीत, जमिनीवर काढतात. मधली फरशी ओल्या फडक्याने पुसायची, ती वाळली की गुडघ्यांवर बसून खडूने गाडी काढायची, खऱ्या मापाची. चाकाच्या जागी चाकाएवढं वर्तुळ, नळीच्या जागी नळीच्या जाडीइतक्या अंतरावर दोन रेघा. मग ते चित्र तसंच ठेवायचं. त्याच्या भोवती हिंडायचं, चहा प्यायचा, भांडायचं. करवत त्यानंतर. "कागदावर चूक लहान दिसते," दादा म्हणतो. "इथे ती पायात येते."

त्या रविवारी फरशीवर ठिणगीची गाडी होती.

ठिणगी म्हणजे माझी मुलगी. हे नाव मामानेच पाडलेलं. लहानपणी वर्कशॉपमध्ये आली की नेमकी ग्राइंडरसमोर जाऊन उभी राहायची. आता ती धरणाच्या कामावर मोजणीसाठी रुजू होणार होती. धरण दूर, रस्ते कच्चे, आणि तिथे तिला जायचं होतं ते याच गाडीवरून. गाडी म्हणजे जुनी मोटरसायकल, माझ्याहून वयाने मोठी. ठिणगीने ती कुणाच्या तरी गोठ्यातून उचलून आणली तेव्हा सीटवर कोंबडी अंडी उबवत बसली होती. "कोंबडीसकट सौदा झाला का?" एवढंच मामाने विचारलं होतं. पुढे वर्षभर मामाच्या शिव्या खात तिने इंजिन स्वतः उघडलं, भरलं, सुरू केलं. उरला होता मागच्या चाकाचा प्रश्न. त्या काळच्या गाड्यांना मागे शॉकअप नसायचे. चाक थेट चेसिसला घट्ट. रस्त्यातला खड्डा सरळ पाठीच्या मणक्यात.

तिच्या बाबांनी हात वर केले होते. "मामा-भाची काय ते बघा." मी मात्र एक अट घातली होती. चेसिसला दादाशिवाय कुणी हात लावायचा नाही. दादाने जोडलेल्या चेसिसवर माझी मुलगी कुठेही जाऊ दे, मी झोपू शकेन. दुसऱ्या कुणी जोडलेल्या चेसिसवर तिने कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंतही जाऊ नये.

माझं हे म्हणणं बहिणीचं प्रेम म्हणून नव्हतं. मी धातूंच्या तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते. आमच्याकडे तुटलेल्या वस्तू येतात: दांडे, साखळ्या, जिन्यांचे कठडे. त्या का तुटल्या ते आम्ही सांगतो. इतकी वर्षं ते पाहिल्यावर माणूस पुलावरून जातानाही जोड बघत जातो. दादाचे जोड मी कापून पाहिले होते, आणि त्यांत मला कधी काही सापडलं नव्हतं.

"हे बघ," दादा जमिनीवरच्या चित्राशेजारी उकिडवा बसून म्हणाला, "मान तशीच. खांदे तसेच. कंबरेपासून मागचं कापून टाकायचं."

चेसिसबद्दल तो असाच बोलतो, सर्जनने पेशंटबद्दल बोलावं तसा. मान म्हणजे जिच्यात हॅण्डल फिरतं ती पुढची तिरकी नळी. कंबर म्हणजे गिअरबॉक्सच्या मागची जागा. तिथे एक जाड आडवा बोल्ट येणार होता, आणि त्या बोल्टवर वर-खाली हलणारा दुहेरी हात, स्विंगआर्म. त्या हाताच्या टोकाला चाक. सीटखाली वाकवलेल्या नळीचा नवा सांगाडा वेल्ड करायचा, आणि तो सांगाडा नि हात यांच्यामध्ये दोन शॉकअप उभे करायचे.

"बूड किती उचलणार?" मी विचारलं.

"दोन बोटं."

"कुणाची बोटं?"

"माझी. तुझ्या बोटांनी मापं घ्यायला लागलो तर मुंग्यांना गाड्या विकाव्या लागतील, शास्त्रज्ञीणबाई."

पण दोन बोटांचाही प्रश्न होता. मागचं उचललं की पुढची मान उभी होते. मान उभी झाली की हॅण्डल हलकं होतं, आणि वेगात ते थरथरायला लागतं. सामानाच्या ट्रॉलीचं पुढचं चाक कधीकधी पिसाळल्यासारखं फडफडतं, तसंच काहीसं. म्हणून मागे जेवढं उचलू, त्या हिशोबाने पुढचे फोर्कही लांब घ्यायला हवे होते. मी दोन्ही चाकांखाली वजनकाटे ठेवले आणि ठिणगीला गाडीवर बसवलं, पाय वर घेऊन. मामा बाजूने धरून.

"आई, मोठ्याने वाचू नकोस."

"तू एकटी नाहीस, गाडीचं पण आहे त्यात."

"मग तर वाचच. सगळं तिच्यावर ढकलता येईल."

वर्कशॉपच्या वरच दादाचं घर. वहिनी चहा घेऊन जिना उतरल्या आणि खडूच्या रेघा चुकवत, लंगडी खेळल्यासारख्या आल्या. "ह्यांना जरा सांगा," त्या मला म्हणाल्या. "हल्ली सुलतान झालेत. पेपरसुद्धा मी वाचून दाखवायचा. उद्या म्हणतील, घास भरव."

"तुझा आवाज गोड आहे म्हणून," दादा म्हणाला.

"तीस वर्षांनी कळलं."

दादा तेव्हा मानेची तिरकी रेघ ओढत होता. ओढली, पाहिली, पुसली. पुन्हा ओढली, पुन्हा पुसली. मग पोलादी पट्टी उचलून डोळ्यांसमोर धरली आणि कोपऱ्यात भिरकावली. "वाकलीय ही."

मी ती उचलली आणि सपाट पाटावर ठेवून पाहिली. खालून उजेडाची रेघसुद्धा दिसेना. "सरळ आहे, दादा."

"मग फरशी वाकलीय," तो म्हणाला, आणि आम्ही सगळे हसलो.

पुढच्या रविवारी गेले तर फरशी पुसलेली होती आणि तिच्यावर वेगळीच गाडी होती. कापाकापी रद्द. जुन्या चेसिसला हात लावायचा नाही. कंबरेच्या दोन्ही बाजूंना जाड पट्ट्या, त्या गिअरबॉक्सच्याच बोल्टांनी आवळायच्या, आणि हात त्या पट्ट्यांमध्ये.

"अशी गाडी पुन्हा मिळायची नाही," दादा म्हणाला. "उद्या हिला वाटलं, होती तशी करावी, तर बोल्ट काढले की झालं. शिवाय जुन्या चेसिसचे सांधे ओतीव. त्यांना फार आच लागली तर तडकतात."

हे सगळं खरं होतं. मी हिशोब केला. पट्ट्या जरा जाड घेतल्या तर बसत होतं. थोडी लवचीक राहणार होती गाडी, पण धोका नव्हता. ठिणगीने मात्र मामाकडे जरा रोखून पाहिलं. "मामा, तू आणि बोल्ट? आजारी आहेस का?"

"वय झालं, बाळ. आता ताकही फुंकून पितो."

त्यानंतरच्या वेळी सीटखालचा सांगाडाही बदलला होता. आता तो वेल्ड करायचा नव्हता. जुन्या नळीला दोन क्लॅम्प, म्हणजे बोल्टच्या कड्या, घालून आवळायचा होता. शॉकअपची वरची टोकं त्याच सांगाड्यावर.

मी चित्राकडे बघत राहिले. दादा क्लॅम्पला आयुष्यभर एकच नाव देत आला होता: भित्र्याचं वेल्डिंग. कुणी क्लॅम्प लावलेली गाडी आणली की तो तो क्लॅम्प काढून भिंतीवरच्या खिळ्याला अडकवायचा. भिंतभर क्लॅम्प होते.

"हे नाही चालायचं," मी म्हणाले.

"का?"

"शॉकअप चाकाच्या थोडे पुढे आहेत. चाकाला जेवढा दणका बसेल त्याहून जास्त वर पोचणार. खड्ड्यात गाडी आपटली की बसलेल्या वजनाच्या तिप्पट धर, चौपट धर. क्लॅम्प सरकेल. सरकू नये म्हणून आवळशील, तर ती पातळ नळी चेपेल. आणि चेपली की तिथेच एक दिवस..."

"तिप्पट, चौपट," दादा म्हणाला. "तिथे उंटावर बसून शेळ्या हाकायला काय जातं तुझं? इतकी वर्षं मी चेसिस केल्या त्या तुझ्या गणिताला विचारून केल्या?"

असा तो माझ्याशी कधी बोलला नव्हता. ठिणगी हातातला पाना पुसत राहिली.

"मला विचारून नाही केल्यास," मी म्हणाले. "पण या गाडीवर ही बसणार आहे. मी क्लॅम्पला हो म्हणणार नाही. वेल्ड का नको, ते सांग."

तो उठला, बुटाने क्लॅम्पचं चित्र पुसलं. खडूची पांढरी धूळ बुटाला लागली. "बरं. करतो वेल्ड. झालं समाधान?"

झालं होतं. मी जिंकले होते. वाईट वाटत होतं ते त्याच्या बोलण्याचं, आणि तेही घरी पोचेपर्यंत कमी झालं.

आमच्यात एक रीत आहे. चेसिसला हात लावण्याआधी दादा त्याच नळीचे दोन तुकडे टी आकारात जोडून मला नमुना देतो. मी तो प्रयोगशाळेत उभा कापते, आरशासारखा घासते, त्यावर पातळ आम्ल फिरवते. मग जोड उघडा पडतो: कुठपर्यंत धातू वितळला, कुठे दोन नळ्यांची एक झाली. सुरुवातीला ही माझी हौस होती. नंतर त्याची झाली. कापलेले नमुने तो खिडकीत मांडून ठेवतो, लोकांनी चषक मांडावेत तसे.

या वेळी नमुना येईना. मी एकदा आठवण केली, दोनदा केली. शेवटी ठिणगीच्या हाती आला. कागद उलगडला आणि मला आधी वाटलं, चुकून दुसऱ्याचा आला.

जोड घासलेला होता. ग्राइंडर मारून, वर बारीक पॉलिश पेपर फिरवून, नळीशी एकसारखा गुळगुळीत केलेला. दिसायला सुरेख. पण दादा जोड कधी घासत नाही. त्याच्या वेल्डिंगवर माशाच्या खवल्यांसारखी एकावर एक सारखी नक्षी असते. ती त्याची सही. घासून ठेवणाऱ्यांबद्दल तो म्हणतो, तोंड धुवून आलाय, म्हणजे रात्री काहीतरी करून आलाय.

मी तो कापला. आम्ल फिरवलं. सूक्ष्मदर्शकाची गरज पडली नाही, भिंगही नको होतं. वितळलेल्या धातूचा पट्टा फटीवर नव्हताच. फटीच्या शेजारून गेला होता, चांगला सरळ, सारख्या जाडीचा, सावकाश हाताने केलेला. एका बाजूची नळी त्याने पकडली होती. दुसरीला नुसता टेकला होता. मधे काळी रेघ, केसाएवढी, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

घाईत केलेला जोड असा दिसत नाही. दारूच्या हाताचाही नाही, तो डगमगतो. हा स्थिर हाताने, मन लावून, चुकीच्या जागी केलेला जोड होता. वाकलेली पट्टी, वाकलेली फरशी, वाचून घेतलेला पेपर, आणि दर रविवारी थोडं थोडं वेल्डिंग कमी होत गेलेला आराखडा. सगळं माझ्या समोरच घडलं होतं, आणि दर वेळी त्याने दिलेलं कारण बरोबर होतं म्हणून मी पुढचा प्रश्न विचारला नव्हता.

ठिणगी कामावर असेल अशी वेळ बघून मी वर्कशॉपमध्ये गेले. दादा एकटाच होता, चेनचे दुवे रॉकेलमध्ये धूत होता. मी नमुना त्याच्या हातात दिला. त्याने पाहिला नाही. अंगठा फिरवला.

"किती वाईट?" त्याने विचारलं.

"एका बाजूला धरलाच नाहीये."

"नमुना होता. खऱ्या गाडीवर मी जास्त लक्ष देईन."

"लक्ष दिलंस म्हणूनच असा झालाय, दादा. निष्काळजीपणाने केला असतास तर कुठेतरी तरी फटीवर पडला असता."

त्यावर तो चक्क हसला. मग हात पुसले. पुसतच राहिला.

"कडेचं सगळं दिसतं," तो म्हणाला. "तू दिसतेस, दार दिसतं, मागे कॅलेंडर आहे ते दिसतं. जिथे बघतो तेवढंच दिसत नाही. तिथे पुसल्यासारखं. आणि सरळ रेघ असली की मधेच वळवळते. उजव्याचं जुनं आहे. डाव्यावर भागत होतं. आता तोही."

"डॉक्टर?"

"जाऊन आलो. पडद्याचा मधला भाग, म्हणाला. इंजेक्शनं देतायत. आहे ते टिकवायला. गेलेलं यायचं नाही."

"वहिनींना?"

"दातांच्या डॉक्टरकडे जातो असं सांगतो." थोडं थांबून म्हणाला, "दात ठणठणीत आहेत."

मी स्टुलावर बसले. विचारायचं ते मात्र विचारावंच लागलं. "आणि तू हिच्या चेसिसला वेल्ड करायला निघाला होतास?"

"निघालो नव्हतो!" त्याचा आवाज चढला. "बोल्ट कशासाठी आणले मी? पट्ट्या कशासाठी? एकूण एक वेल्ड काढून टाकला होता त्या गाडीतून. क्लॅम्पवर येऊन अडलो, तो तू मोडीत काढलास. मग माझ्याकडे उरलं काय?"

"सांगायचं होतंस."

"कुणाला? तुला? तू आधी आम्ल फिरवलं असतंस माझ्यावर."

बाहेर कुणीतरी सायकलची घंटा वाजवत गेलं.

"ऐक," तो हळू आवाजात म्हणाला. "एक करता येईल. क्लॅम्प जाड करू. आत पितळेची पट्टी घालू, म्हणजे नळी चेपणार नाही. दोनाऐवजी चार लावू. तू गणित जरा सैल धर. तिप्पट धरलंस ना? दुप्पट धर. पोर जाईल, गाडी हळू चालवेल, सुट्टीला येईल तेव्हा बघू. आत्ता नको सांगूस तिला. एवढं कर माझ्यासाठी."

त्याने माझ्याकडे आयुष्यात फार थोड्या वेळा काही मागितलं आहे. माझी फी त्याने भरली होती, तेव्हाही पैसे टेबलावर ठेवून निघून गेला होता, धन्यवाद ऐकायला नको म्हणून. आणि आता मागत होता ते काय, तर एका आकड्याच्या जागी दुसरा आकडा.

"खड्डा दुप्पट धरणार नाही, दादा," मी म्हणाले. "खड्ड्याला माहीत नाही, तू माझा भाऊ आहेस ते."

"जा मग," तो म्हणाला. "सांग सगळ्या गावाला. दारावर पाटी लाव."

"मी कुणालाही सांगणार नाही. तू ठिणगीला सांगायचंस. रविवारी."

जिन्यावरून वहिनींचा आवाज आला, कोण आलंय म्हणून. मी आहे, लगेच निघतेय, असं म्हणून मी खरंच निघाले. घरी जेवण गेलं नाही. ठिणगी मोबाइलवर धरणाजवळच्या रस्त्याचे फोटो दाखवत होती. "बघ ना आई, असला खड्डा! यात अख्खी गाय बसेल." मी बघितले.

रविवारी दादाने सांगितलं. त्याच्या पद्धतीने. तिला बाकाशी उभं केलं, दोन नळ्यांचे तुकडे एकमेकांना टेकवले आणि म्हणाला, "फट दिसते?"

"दिसते."

"कुठे?"

तिने बोट ठेवलं.

"मला दिसत नाही," तो म्हणाला. "मला तुझं बोटसुद्धा नखापर्यंतच दिसतं."

ठिणगीला समजायला थोडा वेळ लागला. मग तिने माझ्याकडे पाहिलं, माझ्या चेहऱ्यावरून तिला कळलं की मला माहीत होतं, आणि ती आम्हा दोघांवर एकदमच चिडली. रडायला यायला लागलं की ती चिडते; लहानपणापासून तसंच आहे.

"मला जायचंय पंधरवड्यात, आणि तुम्ही दोघं मूग गिळून बसलात! मामा, तू मला बसवणार होतास त्याच्यावर?"

"नव्हतो बसवणार. दर रविवारी नवी खोड काढत नव्हतो का? म्हटलं, कंटाळून गाडी इथेच ठेवशील आणि बसने जाशील."

"मी कंटाळते का कधी?"

"तिथेच घोडं अडलं ना."

ती वर्कशॉपच्या दारात जाऊन पाठमोरी उभी राहिली. परत आली तेव्हा नाक लाल होतं, पण आवाज सरळ होता. "जाळीवाल्याला बोलवू."

जाळीवाला म्हणजे पूर्वी खिडक्यांच्या जाळ्या करायचा तो. आता औषधाच्या कारखान्यात स्टीलच्या पाइपांचं आर्गॉन वेल्डिंग करतो. दादाच्या तोंडी त्याचं नाव जाळीवालाच राहिलं, आणि ते कौतुकाने घेतलं जात नाही.

"जाळ्या करणारा माणूस माझ्या चेसिसला हात लावणार?"

"माझ्या," ठिणगी म्हणाली. "चेसिस माझी आहे, मामा."

दादा सपाट पाटावरून हात फिरवत राहिला. "इथे करायचं मग," तो म्हणाला. "त्याच्या खुराड्यात नाही. माझ्या बाकावर, माझ्या जिगच्या चौकटीत. चेसिस मी आवळणार. आणि पहिला आराखडा. कापून, वेल्ड करून. बोल्ट-बिल्ट काही नको आता."

जाळीवाल्याने आधी नमुना करून पाठवला. मी तो कापला. संध्याकाळी दादाचा फोन आला.

"काय आहे?"

"काही नाही."

"काहीच नाही? नीट बघितलंस?"

"दोन्ही बाजूंनी पाहिलं. पूर्ण धरलाय."

"हं," तो म्हणाला, आणि फोन ठेवला.

कापाकापी दादाने आणि ठिणगीने मिळून केली. ती रेघ दाखवायची, तो करवत चालवायचा. जुना मागचा भाग सुटून फरशीवर पडला तेव्हा त्याचा आवाज फार मोठा झाला. जिगमध्ये चेसिस आवळायला दादाला डोळ्यांची गरज पडली नाही. कुठला बोल्ट किती ओढला की मान सरळ बसते ते त्याच्या मनगटाला माहीत होतं. मी मोजून पाहिलं, ती सरळ होती. हे मी त्याला सांगितलं. त्याने मान डोलावली, पण त्याला त्यात फारसा आनंद झालेला दिसला नाही.

जाळीवाला पन्नाशीचा, ढेरपोट्या, लाजरा माणूस. आल्याआल्या चपला दारातच काढायला लागला. "अरे, घाल त्या, देवळात आलास का? भाजेल पायाला," दादा खेकसला. मग त्याला मशीन दाखवलं, गॅसची चावी दाखवली, स्वतःचं हेल्मेट दिलं. ते त्याच्या डोक्याला घट्ट होत होतं. दादाने मागचा पट्टा स्वतः सैल करून दिला.

मशीन सुरू झालं. ठिणगी आणि मी डोळ्यांपुढे काळ्या काचा धरून उभ्या राहिलो. दादा स्टुलावर बसला, उजेडाकडे पाठ करून, हात मांडीवर. तो ऐकत होता. वेल्डिंगचा आवाज बिघडला की त्याला कळतं, हे मला माहीत होतं. किती तरी वेळा दुसऱ्याच्या वर्कशॉपवरून जाताना तो नुसता थांबून म्हणालाय, जळलं बघ. मी वाट पाहत होते. जाळीवाल्याने एक जोड पुरा केला, दुसरा केला. आवाज एकसारखा, बारीक, न तुटणारा. दादा एकदाही काही म्हणाला नाही. त्याने एकदा तरी चूक काढावी, असं मला वाटत होतं, आणि ती माझ्याच मुलीच्या गाडीच्या जोडात निघावी असं वाटत होतं, हे ध्यानात आल्यावर मी मान फिरवली.

वरून दार वाजलं. मशीनचा आवाज ऐकून वहिनी खाली येत होत्या.

"म्हटलं आज बऱ्याच दिवसांनी मशीन..." असं म्हणत त्या अर्ध्या जिन्यावर आल्या आणि थांबल्या. बाकाशी निळा उजेड होता, हेल्मेटखाली माणूस होता. आणि दादा इकडे स्टुलावर होता.

जाळीवाल्यालाही काही जाणवलं असावं. उजेड विझला.

"तुम्ही इथे," वहिनी म्हणाल्या, "मग तो कोण?"

"मी आहे, काकू," हेल्मेटमधून आवाज आला.

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मग ठिणगीकडे. सांगणं आमचं नव्हतं.

"मला जोड दिसत नाही आता," दादा म्हणाला. "दातांच्या डॉक्टरकडे नव्हतो जात."

वहिनी उरलेल्या पायऱ्या कठडा धरून उतरल्या. त्याच्या समोर येऊन उभ्या राहिल्या. रागावतील असं मला वाटलं होतं, निदान तोंडाने तरी. त्यांनी हात उचलला, पण त्याचं काय करायचं ते त्यांना सुचलं नाही. मग तोच हात दादाच्या खांद्यावरचा लोखंडाचा कीस झटकायला लागला.

"मी?" त्यांनी विचारलं. "मी दिसते का?"

दादाने उत्तर देण्याआधी मान जराशी बाजूला वळवली, दाराकडे बघितल्यासारखी. तसं केल्यावर त्या त्याला दिसल्या.

"दिसतेस," तो म्हणाला.

जाळीवाला हेल्मेट वर करून उभा होता, आपण चोरी केल्यासारखा. "काका," तो म्हणाला, "दुसरी बाजू गार व्हायच्या आत... करू का?"

जिगमध्ये आवळलेल्या चेसिसमधून गार होण्याचे बारीक टिकटिक आवाज येत होते.

"कर," दादा म्हणाला.

वहिनींनी पदराने डोळे झाकले, उजेड लागू नये म्हणून, आणि तशाच उभ्या राहिल्या.